वर्षाचा खर्च, महिन्याचा पगार

जून महिना आला की पगारदार घरांत एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते : या महिन्यात जरा ओढाताण आहे. शाळेची फी, वह्या-पुस्तके, गणवेश, बूट, रेनकोट, शाळेच्या रिक्षाचे आगाऊ पैसे, सगळे एकाच पंधरवड्यात येऊन उभे राहते. ज्यांची शेती आहे त्यांच्याकडे त्याच दिवसांत बी-बियाण्यांची आणि खताची खरेदी असते. यातला एकही खर्च अचानक आलेला नसतो. राज्यातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात हे घरातल्या सर्वांत लहान मुलालाही माहीत असते. तरी दरवर्षी कुठेतरी उसनवारी होते, बांगडी तारण जाते किंवा क्रेडिट कार्डाचे बिल पुढे ढकलले जाते. घरखर्चाचे अंदाजपत्रक आखावे का आणि आखलेच तर ते पाळता येते का, या प्रश्नावर दोन तट आहेत. दोघांच्या बोलण्यात बरेच तथ्य आहे. पण या जूनबद्दल दोघेही फारसे बोलत नाहीत, म्हणून हा विषय पुन्हा एकदा तपासून पाहावासा वाटतो.

हिशेब ठेवणाऱ्यांचे म्हणणे असे की पैसा कुठे जातो हे लिहून ठेवले की तो कमी जातो. या म्हणण्याला आपल्याकडे जुना आधार आहे. उन्हाळ्यात वर्षाचे गहू, तांदूळ, तूरडाळ भरायची, मिरच्या वाळवून वर्षाचे तिखट कांडायचे, मसाला करायचा, पापड-कुरडया घालायच्या, हे सगळे पक्के अंदाजपत्रक होते. घरात माणसे किती, सुट्टीत पाहुणे किती, गौरी-गणपतीला किती लागेल, याचा विचार करूनच पोती घरात येत. नवा माल बाजारात आला की भाव उतरलेले असतात, तेव्हा एकदाच मोठी रक्कम घालायची आणि पावसाळ्यात निर्धास्त राहायचे, हे शहाणपण कोणत्याही पुस्तकातून आलेले नव्हते. पुढे शहरात पगाराचे पाकीट आले. ते घरातल्या कर्त्या बाईच्या हाती जायचे आणि तिथे त्याची छोटी पाकिटे व्हायची : भाडे, वाणी, दूध, फी, भिशी. 1973 पासून घरोघरी लागलेल्या ‘कालनिर्णय’च्या चौकटींत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि मोलकरणीच्या सुट्ट्या लिहिलेल्या असत. अजूनही अनेक घरांत असतात.

या छोट्या पाकिटांमागची युक्ती अर्थशास्त्रानेही मान्य केली आहे. 2017 चे नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी दाखवून दिले, की रुपया हा रुपयाच असला तरी माणूस मनात त्याची वेगवेगळी खाती मांडतो. फीच्या पाकिटातले पैसे सिनेमाला काढताना हात अडखळतो. यूपीआय आल्यावर हे अडखळणे संपले. 2016 मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत ऑगस्ट 2023 मध्ये पहिल्यांदा महिन्याला 1,000 कोटींहून अधिक व्यवहार झाले आणि ऑगस्ट 2025 मध्ये हा आकडा 2,000 कोटींवर गेला. या सोयीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. भाजीवालीचे सुट्ट्या पैशांपायीचे नुकसान या सोयीने थांबवले आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद आपोआप होऊ लागली. पण फी, भाडे, चहा आणि मोबाइलचे रिचार्ज आता एकाच खात्यातून, एकाच बोटाने जातात. पूर्वी पाकीट रिकामे दिसायचे. आता शिल्लक दिसते, पण त्या शिलकीतली किती रक्कम आधीच कुणाच्या तरी नावावर आहे हे दिसत नाही.

शिवाय राष्ट्रीय पातळीवरचा एक आकडा या तटाच्या बाजूने नेहमी दिला जातो. रिझर्व्ह बँकेच्या माहितीनुसार 2022-23 मध्ये घरांची निव्वळ आर्थिक बचत सकल राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या थोडी वर, म्हणजे कित्येक दशकांतली सर्वांत कमी होती. यावरून लोक उधळे झाले असा निष्कर्ष घाईने काढला जातो. तो पूर्ण खरा नाही. निव्वळ बचत मोजताना घेतलेले कर्ज वजा होते, आणि कर्जातला मोठा भाग घरासाठी होता. घर घेणाऱ्याला उधळा म्हणता येणार नाही. मात्र त्याच्या पुढच्या वीस वर्षांच्या पगाराचा एक तुकडा आधीच कापला गेला आहे, हेही तितकेच खरे.

आता दुसरी बाजू. ती मला अधिक अस्वस्थ करते, कारण हिशेबाचा उपदेश करणारे तिच्याकडे सहसा पाहत नाहीत.

महिन्याचे अंदाजपत्रक महिन्याला पगार मिळणाऱ्यासाठी असते. 2023-24 च्या केंद्रीय श्रमबल पाहणीनुसार देशातल्या काम करणाऱ्यांपैकी नियमित पगारावर असलेले जेमतेम 22 टक्के आहेत. 58 टक्क्यांहून अधिक लोक स्वतःच्या शेतीत किंवा धंद्यात आहेत, बाकीचे रोजंदारीवर. त्यांचे उत्पन्न महिन्याच्या चौकटीत बसत नाही. पश्चिम महाराष्ट्रात ‘दुधाचा पगार’ दहा दिवसांनी होतो आणि घराचे किराणा-भाजी त्याच्यावर चालते. उसाचे बिल वर्षातून एकदा, तेही हप्त्यांनी. ऊस गाळपाला गेल्यावर 14 दिवसांत रास्त व किफायतशीर दराने पैसे द्यावेत असा नियम आहे, पण तो अनेकदा पाळला जात नाही. मराठवाड्यात सोयाबीन ऑक्टोबरच्या आसपास हातात येते आणि पैसा त्याच सुमारास एकदा खुळखुळतो. बीडकडचे ऊसतोड कामगार तर मुकादमाकडून आधीच उचल घेतात. नवरा-बायकोची जोडी, तिला ‘कोयता’ म्हणतात, ती हंगाम सुरू होण्यापूर्वीच हंगामाची कमाई घेऊन बसते, आणि त्या रकमेतून मागचे कर्ज, लग्न किंवा आजारपण निस्तरलेले असते. या घराला ‘उत्पन्नाच्या वीस टक्के बाजूला टाका’ असे सांगणे निर्दयपणाचे आहे.

गरिबाला हिशेब कळत नाही, हा समज तर निखालस चुकीचा आहे. ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ हे पुस्तक 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून अधिक गरीब घरांच्या पैशांच्या नोंदी संशोधकांनी वर्षभर, पंधरा-पंधरा दिवसांनी घेतल्या होत्या. ही घरे आला पैसा लगेच खाऊन मोकळी होत असतील ही अपेक्षा खोटी ठरली. ती एकाच वेळी बचत करत होती, उसने घेत होती, उसने देतही होती. शेजारीण, दुकानदार, बचत गट, मालक, सगळीकडे त्यांची छोटी-छोटी खाती होती. कमी पैशाला जास्त सांभाळावे लागते. गावातल्या किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत ज्या बाईचे नाव आहे, तिला आपली बाकी तोंडपाठ असते.

आणि याच ‘ती’पाशी हिशेबाची सर्वांत जड बाजू येते. घरखर्चाचे अंदाजपत्रक म्हणजे बहुतेक घरांत बाईने द्यायचा जबाब असतो. कमावता महिन्याला ठरावीक रक्कम हातात ठेवतो आणि महिनाअखेरीस विचारतो, गेले कुठे? त्याची स्वतःची कमाई किती, मित्राला किती उसने दिले, गाडीचा हप्ता किती, हे त्या वहीत नसते. 2019 च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत, घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात आणि पुरुष 97, असे आढळले. स्वस्त भाजीसाठी दोन बाजार फिरणे, पॅकेटऐवजी गिरणीतून दळून आणणे, जुने कपडे उसवून शिवणे या काटकसरीचे मोल त्या मिनिटांतच चुकते होते, आणि कोणत्याही हिशेबाच्या वहीत ते चढत नाही. म्हणूनच डाळीच्या डब्यात, साड्यांच्या घडीत बायकांनी पैसे लपवले. ती अप्रामाणिकता नव्हती, त्यांचा तो एकमेव विमा होता. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री नोटा रद्द झाल्या तेव्हा हा विमा असंख्य घरांत उघड्यावर आला आणि बाईला आपलीच बचत नवऱ्यासमोर, बँकेच्या रांगेत कबूल करावी लागली. ज्या घरात हिशेब म्हणजे पाळत असते, तिथे अंदाजपत्रक न पाळणेच माणसाला वाचवते, असे कोणी म्हणाले तर मी त्याला लगेच खोडून काढणार नाही.

आणखी एक आक्षेप आहे, तो धोरणाबद्दलचा. काटकसरीचे धडे घराला द्यायचे आणि ज्यामुळे घर कोलमडते ते बाहेर ठेवायचे, ही सवय आपल्या सार्वजनिक चर्चेला लागली आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चाचा 39 टक्क्यांहून अधिक भाग लोकांनी थेट खिशातून भरला. 2013-14 मध्ये तो 64 टक्के होता, म्हणजे सुधारणा आहे, पण पाचातले दोन रुपये अजून घराच्या खिशातूनच जातात. व्याजाचेही तसेच. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या नऊ महिन्यांत रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला. वीस लाखांचे वीस वर्षांचे गृहकर्ज सात टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे साडेपंधरा हजार पडतो, साडेनऊ टक्क्यांनी साडेअठरा हजारांच्या वर. कितीही नेटकी वही ठेवली तरी त्या तीन हजारांची तरतूद तिच्यात आधी नव्हती. अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली, आणि कर्जदाराला त्याचा पत्ताही उशिरा लागला. हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, असे रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट 2023 मध्ये बँकांना सांगावे लागले. 2025 मध्ये दर उतरू लागले, पण तोवर कित्येकांची परतफेड निवृत्तीच्या पलीकडे गेली होती.

हे सगळे मान्य करूनही अंदाजपत्रक सोडून द्यावे असे मला वाटत नाही. ते बदलावे असे वाटते, आणि कुठे बदलावे हे एका घराच्या आकड्यांवरून दाखवतो. हे घर कल्पनेतले आहे, पण आकडे ओळखीचे वाटतील.

पिंपरी-चिंचवडमधले चौघांचे कुटुंब. दोघांचे मिळून हातात 48,000 येतात. घराचा हप्ता 18,000, दुचाकीचा 3,000. उरले 27,000. माणशी पावणेसात हजार होतात. 2023-24 च्या केंद्रीय उपभोग-खर्च पाहणीत शहरी भागाचा माणशी मासिक खर्च 6,996 रुपये होता, म्हणजे हे घर सरासरीच्या आसपासचे. दर महिन्याला 27,000 खर्चायला आहेत असे समजून ते चालते. आता वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च मांडू. शाळेची फी 40,000. वह्या, गणवेश, बूट 8,000. विम्याचा हप्ता 18,000. दिवाळी 20,000. गणपतीला गावी जाणे 10,000. आहेर, बारसे, वास्तुशांत 8,000. मालमत्ता कर 4,000. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग 4,000. दात, चष्मा, ताप-खोकला 8,000. बेरीज 1,20,000. महिन्याला 10,000. म्हणजे या घराकडे किराणा, दूध, वीज, गॅस, पेट्रोल, सोसायटीचा देखभाल खर्च या सगळ्यांसाठी 17,000 च आहेत, आणि ते 27,000 आहेत असे धरून जगत आहे. सात-आठ महिने हे धकते. मग जून येतो.

याच घरात भाजीवरून वाद होतात. रोज वीस रुपये वाचवले तर वर्षाला 7,300 होतात. ते वाचवू नयेत असे नाही. बाहेरून मागवलेले जेवण, गरज नसताना दहा मिनिटांत दारात आलेली वस्तू, यांची बेरीज कधीकधी भाजीच्या कितीतरी पट असते आणि तिकडे पाहायलाच हवे. पण आपले हिशेबाचे डोळे अजून स्वयंपाकघरावर रोखलेले आहेत आणि पैसा तिथून कधीच हलला आहे. शहरी घराच्या खर्चात अन्नाचा वाटा 1999-2000 मध्ये सुमारे 48 टक्के होता, 2023-24 मध्ये तो 40 टक्क्यांच्या खाली आला. कर्जाचे हप्ते तर या पाहणीच्या खर्चात धरलेलेच नसतात. घर मोडते ते वर्षातून एकदा येणाऱ्या रकमांनी आणि एकदा सही केली की वर्षानुवर्षे न सुटणाऱ्या हप्त्यांनी. म्हणून अंदाजपत्रक वर्षाचे असावे. त्याचा पहिला अर्धा तास कोथिंबिरीला देण्यापेक्षा बारा महिन्यांत येणाऱ्या ठोक रकमा आठवायला द्यावा.

हे विशेषतः अनियमित उत्पन्नाच्या घराला लागू पडते. रिक्षाचालकाला पुढच्या मंगळवारी किती मिळतील हे सांगता येत नाही, पण शाळेची फी कधी आणि किती हे सांगता येते. उत्पन्नाचा अंदाज बांधता येत नसेल तेव्हा खर्चाचे कॅलेंडर तरी मांडता येते. पैसा आला की आधी त्या कॅलेंडरातल्या सर्वांत जवळच्या रकमेचा वाटा बाजूला पडायला हवा. धान्य भरून ठेवणाऱ्या आज्यांनी हेच केले होते : पैसा सुगीत, खर्च बारमाही. अमेरिकेत एलिझाबेथ वॉरेन आणि त्यांच्या मुलीने 2005 च्या पुस्तकातून लोकप्रिय केलेले गरजेला पन्नास, हौसेला तीस, बचतीला वीस टक्के हे सूत्र हल्ली सर्रास ऐकवले जाते. पंधरा-वीस हजारांत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला ते निरुपयोगी आहे, आणि गावाकडे आई-वडिलांना पैसे पाठवणाऱ्याच्या घरात गरज कोणती आणि हौस कोणती हे त्या सूत्राला कळणारही नाही.

आता पाळण्याचा प्रश्न. अंदाजपत्रके बहुधा तिसऱ्या महिन्यात मोडतात, आणि त्याचे खापर इच्छाशक्तीवर फोडले जाते. माझ्या मते कारणे अधिक साधी आहेत. एक तर ते शेवटच्या रुपयापर्यंत घट्ट आखलेले असते. त्यात पाहुणा बसत नाही, मोडलेला मिक्सर बसत नाही, मैत्रिणीच्या मुलीचे लग्न बसत नाही. थोडी रक्कम बिननावाची ठेवलीच पाहिजे. दुसरे, वर्षाच्या रकमा त्याच बचत खात्यात पडून राहतात आणि मोहात विरघळतात. त्यांच्यासाठी वेगळे खाते हवे, ज्याला मोबाइलवरचे पैसे देण्याचे अॅप जोडलेले नसेल. किंवा बारा महिन्यांची आवर्ती ठेव, जी मे महिन्यात पिकेल. दिवाळीआधी फुटणारी भिशी हेच काम करते आणि लाज तिला राखते, कारण शेजारणी मोजत असतात. पण भिशी बुडाली तर दाद मागणे कठीण जाते. तिच्यात तेवढेच घालावे जेवढे गेले तर फी अडणार नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. जे अंदाजपत्रक एकाने आखले आणि दुसऱ्याने पाळायचे, ते टिकत नाही आणि टिकूही नये. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, सासूबाईंना आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलालाही, महिन्याला एक रक्कम अशी हवी जिच्याबद्दल कोणी प्रश्न विचारणार नाही. ती दोनशे असेल, दोन हजार असेल. ही रक्कम असली की खोटे बोलावे लागत नाही, आणि खोटे बोलावे लागले नाही की वही खरी राहते.

इथे एक वादाचा मुद्दा आहे. जुलै 2024 पासून लागू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत पात्र स्त्रियांच्या खात्यात महिन्याला 1,500 रुपये येऊ लागले. ते घराच्या जमेत धरायचे का? अनेक घरांनी ते धरले, काहींनी तेवढे घरखर्चाचे पैसे कमीही दिले. मला हे अन्यायाचे वाटते. तंगीच्या घरात ती बाई ते पैसे बहुधा मुलांच्या फीलाच घालेल. पण घालायचे की नाही हे तिने ठरवायचे आहे. तिच्या नावावर आलेली रक्कम आधीच खर्चाच्या रकान्यात लिहून टाकणे म्हणजे तो डाळीचा डबाही काढून घेणे.

हप्त्यांबद्दल माझे मत कठोर आहे. नवा हप्ता घेताना दुकानदार विचारतो तो प्रश्न, महिन्याला एवढे परवडेल ना, हाच फसवा आहे. परवडेल की नाही हे जूनच्या आणि दिवाळीच्या महिन्यात पाहावे लागते. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलली तर बहुतेक कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून जास्त पडते. इतक्या व्याजावर कोणतीही काटकसर पुरून उरत नाही. ज्या घरात अशी थकबाकी आहे, तिथे बाकी सगळी बचत थांबवून आधी ती फेडावी, अगदी मुदत ठेव मोडूनही.

तेव्हा माझा कौल अंदाजपत्रकाच्या बाजूने आहे, पण अटींसह : ते वर्षाचे असावे, सैल असावे, आणि सगळ्यांसमोर मांडलेले असावे. ज्या घरात मूळ मिळकतच पोटाला पुरत नाही, तिथे वहीकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. तिथे प्रश्न मजुरीचा, वेळेवर मिळणाऱ्या उसाच्या बिलाचा आणि सरकारी दवाखान्याचा आहे, आणि तो तसाच विचारला गेला पाहिजे. पण ज्यांच्याकडे थोडी तरी निवड आहे, त्या घरांनी गेल्या बारा महिन्यांचे पासबुक एकदा एकत्र बसून वाचावे. आणि विनंती आहे ती घरातल्या कमावत्यांना, बहुतांशी पुरुषांना. त्या बैठकीत बायकोची भाजीची वही मागण्याआधी तुमचे पगारपत्रक, तुमच्या कर्जाची विवरणे आणि तुम्ही कुणाला दिलेल्या जामीनकीचे कागद टेबलावर ठेवा.